ठोक्यांची भाषा

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात, ब्राउन्स्टन नावाचे खेडे आहे. ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा यांचा तेथे संगम होतो. कालव्यांवरून मालाची वाहतूक चाले त्या काळी हे खेडे म्हणजे नावाडी कुटुंबांचे जणू मूळ गाव होते. वर्षभर पाण्यावर भटकणाऱ्या या माणसांची लग्ने तेथल्या चर्चमध्ये लागत आणि अखेरीस पुष्कळांना त्याच आवारात मूठमाती मिळे. गेली अनेक वर्षे तेथे जून महिन्यात जुन्या मालवाहू नौकांचा मेळावा भरत आला आहे. नौकामालकांच्या मंडळांचे सभासद आपापल्या नौका घेऊन येतात. केबिनीच्या दारांवर रंगवलेली गुलाबांची फुले आणि किल्ले पाहायला बघ्यांची गर्दी लोटते. परंतु मेळाव्यातले खरे दर्दी निराळे असतात. पुलाआडून येणारी नौका दृष्टीस पडण्यापूर्वीच केवळ ठोका ऐकून ते इंजिनाचे घराणे सांगतात. रसेल न्यूबरीच्या दोन सिलिंडरांचा संथ, समतोल ठेका वेगळा. गार्डनरची चाल वेगळी. आणि ठेका चुकतो की काय असे वाटायला लावून पुन्हा समेवर येणारे एका सिलिंडरचे स्वीडिश बोलिंडर त्याहून वेगळे.

या श्रवणभक्तीत एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या समकालीनांनी हे कालवे खोदले, तेव्हा त्यांवर इंजिन नव्हते. चढउतार ओलांडण्यासाठी बांधलेल्या पाण्याच्या कोठ्या, ज्यांना तेथे लॉक म्हणतात, अनेक कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंद होत्या. साहजिकच नौकाही सुमारे सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद अशी सडपातळ घडली. काठाने घोडा चाले आणि दोरीमागून नौका येई. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने 1912 पासून बोलिंडर इंजिने बसवण्यास आरंभ केला आणि पाण्यावरची ती शांतता मोडली. म्हणजे आज ज्या आवाजासाठी कान आसुसतात, तो एके काळी आगंतुक होता. ज्याने घोड्याच्या टापा बंद केल्या, तोच पुढे स्मृतिरम्यतेचा विषय झाला.

तरीही या छंदाला श्रीमंतांची हौस म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. बोलिंडर चालू करणे ही केवळ पुस्तकावरून साधणारी गोष्ट नव्हे. सिलिंडरच्या माथ्यावरील लोखंडी गोळा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने आधी तापवावा लागतो. तो पुरेसा तापला की त्यावर पडणारे इंधन पेट घेते. मग जड फ्लायव्हीलच्या कडेतून बाहेर येणाऱ्या खुंटीवर पाय देऊन ते चाक दाबाविरुद्ध हिसडावे लागते. पाय वेळीच काढला नाही तर दुखापत व्हायची. जुन्या बोलिंडर नौकांना उलट्या चालीसाठी गिअरबॉक्स नसे. नौका मागे घ्यायची तर इंजिनच उलटे फिरवावे लागे: गती अगदी थांबण्याच्या बेतात आणायची आणि नेमक्या क्षणी इंधनाचा फवारा वेळेआधी सोडायचा. तो क्षण कानांनाच कळतो. हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधली एक पिढी गळाली तर उरते ते फक्त लोखंड. मेळाव्यात एखादा वृद्ध सभासद तरुणाला पाय कोठे ठेवावा हे दाखवतो, तेव्हा तेथे मौखिक परंपरेचेच कार्य चाललेले असते.

मात्र ज्यांच्याकडून ही परंपरा आली, त्यांच्या जीवनाकडे वळले की गुलाब आणि किल्ले फिके पडू लागतात. रेल्वेच्या स्पर्धेत कालव्यांवरील भाडी घसरली, तसे अनेक नावाड्यांनी घर सोडून बायकामुलांसह नौकेवरच बिऱ्हाड थाटले. सुमारे दहा फूट लांबीच्या केबिनीत चूल, बिछाना आणि पाळणा सारेच मावावे लागे. मजुरी कर्त्या पुरुषाला मिळे. पत्नी आणि मुले यांचे श्रम त्यात गृहीत धरलेले असत. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने चालवलेल्या चळवळीतून 1877 आणि 1884 साली कायदे झाले, नौकांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. पण सतत हलत्या घरातल्या मुलांना शाळा लाभणे दुर्घटच राहिले. अनेकांना अक्षरओळख नव्हती. इंजिन आल्यावर काम हलके झाले असेही सरसकट म्हणता येत नाही. इंजिनाची नौका आपल्यामागे ‘बटी’ नावाची बिनइंजिनाची जोडनौका ओढू लागली आणि एकाच कुटुंबावर दोन नौकांचा भार आला. 1923 साली ब्राउन्स्टनलाच नावाड्यांनी वेतनासाठी दीर्घ संप केला होता, ही गोष्ट तेथे ठोके ऐकताना विसरू नये.

या व्यवसायाचा अस्त सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. एल. टी. सी. रोल्ट हा अभियंता लेखक 1939 साली आपल्या नौकेतून निघाला. त्या प्रवासावरील त्याचे पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून 1946 साली कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. 1948 पासून बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. 1962-63 च्या हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठून राहिले आणि आधीच खंगलेली वाहतूक त्यातून सावरली नाही. कालवे वाचले; त्यांवर पोट भरणारा समाज मात्र काठावर उतरला आणि पांगला.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. कालव्यावरील दर्दी ज्या लिस्टर कंपनीचे नाव आदराने घेतात, तिच्या घाटाची संथ इंजिने भारतात राजकोट परिसरात बनत राहिली. अशा तेलइंजिनांनी गावोगाव विहिरीचे पाणी उपसले आणि पिठाच्या गिरण्या चालवल्या. गिरणीचा पुक्‌पुक् आवाज गावात आला आणि जाते अबोल झाले; पहाटेची ओवी दळणातून उठून अभ्यासकांच्या वह्यांत गेली. ओवी हरपल्याची हळहळ योग्यच आहे. पण जात्याच्या खुंट्यावर हाताला पडलेले घट्टे परत यावेत असे कोणती दळणारी म्हणेल?

म्हणून जतन करणाऱ्याची जबाबदारी दुहेरी असते. ठोका जपावा, कारण त्यात शरीराने मिळवलेले असे ज्ञान आहे की जे लिहून ठेवता येत नाही. पण त्या ठोक्याबरोबर बिनवेतन राबणारी पत्नी, लॉकची जड दारे ढकलणारी मुले आणि नावाच्या जागी फुली करणारा नावाडी यांचेही स्मरण ठेवावे. ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, अशा पुष्कळांची खूण म्हणून ही इंजिने उरली आहेत. त्यांचा नाद ऐकणे ही रसिकता झाली. त्या नादाची किंमत कोणी चुकवली हे विचारणे, हे तिचे पुढचे पाऊल आहे.