कामासारखी रीत

चारचौघांनीं मिळून एखादें काम करावयाचें म्हटलें कीं, तें कोणत्या रीतीनें करावें हा प्रश्न कामाच्या आधीं उभा राहतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. उमरेडच्या परिसरांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. खाणींत नव्यानें येणाऱ्या माणसास आधीं शिक्षण द्यावें, असा दंडक १९६६ च्या खाण व्यवसाय प्रशिक्षण नियमांनीं घालून दिला. अशा शिक्षणाचे पाठ तयार करणाऱ्या एका लहानशा गटांत आम्हीं कांहीं काळ काम केलें. तेव्हां या प्रश्नाचा विचार आम्हांस बारकाईनें करावा लागला.

गटांत दोन पक्ष होते. एक म्हणे, सर्व आधीं ठरवून टाका. गरज पाहा, आराखडा आखा, पाठ लिहा, शिकवा आणि शेवटीं परीक्षण करा. १९७५ च्या सुमारास फ्लॉरिडा राज्य विद्यापीठानें अमेरिकेच्या लष्करासाठीं ही पंचपदी बसविली आणि पुढें ती जगभर रूढ झाली. दुसरा पक्ष तरुणांचा. २००१ सालीं सतरा संगणकतज्ज्ञांनीं अमेरिकेंतील युटा राज्यांत जमून जो जाहीरनामा काढला, त्याच्या आधारें तो म्हणे, थोडें करा, लोकांपुढें ठेवा, उणें दिसेल तें सुधारा आणि पुन्हां थोडें करा.

आम्हांस वाटतें, हा वाद कोणत्याही गृहिणीनें केव्हांच मिटविला असता. रोजच्या आमटीची ती चव पाहते आणि लागेल तसें मीठ घालते. नैवेद्याचा स्वयंपाक मात्र चाखतां येत नाहीं. तेथें प्रमाणच आधीं चोख ठेवावें लागतें. चूल एक, हात एक, पण रीती दोन!

आमच्या कामांतही हे दोन प्रकार होते. भोंगा वाजतांच काय करावें, सुरुंगाच्या वेळीं किती दूर जावें, हे नियम ठरलेले. त्यांवर प्रयोग करण्याची मुभा कोणासच नाहीं. पाठाचें हें अंग क्रमानें लिहावें, जाणत्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावें आणि त्याची सही झाल्यावांचून पुढें जाऊं नये. परंतु तोच नियम ऐकणाऱ्यास कसा उमजेल, हें कोणत्याही आराखड्यांत आधीं लिहितां येत नाहीं.

एकदां कच्चा पाठ पांच नव्या कामगारांस दिला. डंपरचालकाच्या दृष्टीआड उभें राहूं नये, हें सर्वांनीं मान डोलावून ऐकलें. पुढें त्यांस बंद डंपरजवळ नेऊन, कोठें उभे राहाल, असें विचारलें. एक जण नेमका पुढच्या चाकाशीं जाऊन उभा राहिला. त्यास चालकाची कॅबिन दिसत होती. तेव्हां चालकासही आपण दिसतों, असा त्याचा समज. त्या दिवसापासून तो पाठ वाक्यानें सुरू न होतां, शिकणाऱ्यास चालकाच्या जागीं बसवून सुरू होऊं लागला. हीच गोष्ट चालत्या डंपरपुढें उमगली असती, तर तिची किंमत एखाद्या घरानें मोजली असती.

अशा चाचण्यांनीं काम लांबतें, ही तक्रार अगदींच खोटी नव्हे. म्हणून चाचण्यांसही आरंभींच तारखा नेमल्या. भिंतीवर एक फळा टांगून करावयाचें, चालू व झालेलें असे तीन रकाने आंखले. टोयोटाच्या कारखान्यांतील चिठ्ठ्यांच्या रीतीवरून निघालेली ही युक्ति. कोणाचें काम कोठें अडलें, हें त्यामुळें विचारावें लागेना, आणि दोन्ही पक्षांची तोंडें एकाच फळ्याकडे वळलीं.

तात्पर्य, रीत निवडतांना नवी कोणती व जुनी कोणती हें पाहूं नये. येथें चूक झाली तर ती कोणास भोगावी लागेल, आणि ती वेळींच कोठें दिसेल, एवढें विचारावें. कारखाना असो वा कुटुंब, निम्मी रीत या उत्तरांतच ठरून जाते.