गाडी छपराखाली

आमच्या खेडकडे माणूस उमऱ्याला निघाला की एकटा निघत नाही. त्याला सोडायला दोन गाड्या भरून घरदार जाते. सहारला दाराबाहेर गळाभेटी होतात, दुआची फर्माईश होते आणि तो विमानात जाऊन झोपतो. जागा राहतो गाडी चालवणारा. त्याला त्याच रात्री सव्वादोनशे किलोमीटर परत यायचे असते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

या खेपेस आम्ही ठरवले, आपल्याच गाडीने जायचे आणि टर्मिनल 2 समोरच्या बहुमजली पार्किंगमध्ये ती ठेवायची. पंधरा दिवसांचे भाडे ऐकून अम्मी म्हणाल्या, "एवढ्यात कुर्बानीचा बकरा येईल." खोटे नव्हते. पण सोडण्या-आणण्याच्या मिळून चार फेऱ्या होतात, म्हणजे नऊशे किलोमीटर. गाडी तिथे ठेवली तर निम्मे. डिझेलच्या बचतीत भाडे निघत नाही, हेही खरे. उरलेले पैसे कशाचे, ते पावसाळ्यात रात्री कशेडी उतरलेल्याला विचारावे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. आता पूल नवा आहे, कशेडीला बोगदा झाला आहे. डोळ्यांवरची झापड मात्र तीच. भाच्याच्या लग्नाला अजून वर्ष झालेले नाही. त्याला हे काम सांगायला आमचे मन धजेना.

विमानतळाबाहेर मोकळ्या जागेत स्वस्तात गाडी ठेवून घेणारेही भेटतात. पण किल्ली परक्याच्या हाती देऊन, गाडी पंधरा दिवस पावसात सोडून हरमशरीफमध्ये मन लागले नसते. छपराखाली निदान पाणी नाही, ऊन नाही.

छप्पर आहे म्हणून सगळे आपोआप नीट राहते असे मात्र नाही. ओलसर हवा आत येतेच. पायाखालची ओली पायपुसणी गाडीत राहिली तर बुरशी धरते, म्हणून ती काढून डिकीत कोरड्या पिशवीत भरली. सीटखाली सांडलेला फरसाण अम्मींनी स्वतः वेचून काढला. उंदीर वासावर येतो आणि मग वायरी कुरतडतो. हँडब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत ब्रेक चिकटतात. जागा सपाट होती, तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडला. बॅटरीची ऋण बाजूची वायर मेकॅनिकने आधीच शिकवल्याप्रमाणे सोडवली. मुलाने मजल्याचा आणि खांबाच्या नंबरचा फोटो काढला. अब्बांनी तरीही तो पावतीमागे पेनाने लिहिला आणि पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. परत आलो तेव्हा मुलाच्या मोबाइलची बॅटरी संपलेली होती.

विमान पहाटे उतरले. काचेवर धुळीचा पातळ थर होता, एवढेच. वायर जोडली, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. अम्मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाल्या आणि झमझमचे डबे पायाशी घट्ट बसवायला लागल्या.

पण घरी सरळ निघालो नाही. भाच्याला ज्या झोपेपासून वाचवले, तीच झोप घेऊन आपण रस्त्यावर उतरायचे, याला काय अर्थ? पनवेलला खालांकडे थांबलो. त्यांनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच जेवणावर सगळे गप्प होते. जोहरपर्यंत झोपलो, नमाज पढलो आणि उजेडातच कशेडी गाठली.