शहाणा फळा

आमची ताई दोन गोष्टींना भीत नाही. एक साप आणि दुसरे शिक्षणाधिकारी. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ती मराठी शिकवते. आठवी ‘ब’सारखा वर्ग नुसतं चष्म्यावरून बघून गप्प करते. अशी ही ताई २०२३ सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी आमच्याकडे आली, चहा नको म्हणाली (इथेच माझ्या पोटात गोळा आला) आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून म्हणाली, “तू बँकेत आहेस ना? मग एवढा हिशेब करून दे. आत्ता स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन किती बसेल?”

माझ्या बी.कॉम.चा आमच्या घराण्यात उपयोग तो एवढाच. कागदावर नोकरीला लागल्याची तारीख होती, बेसिक होतं, महागाई भत्ता होता. वीस वर्षं कधीच उलटली होती, म्हणजे नियमात बसत होतं. फक्त अठ्ठावन्नला अजून सात वर्षं होती.

“पण झालं काय?”

“शाळेत शहाणा फळा आलाय,” ताई म्हणाली. “आता शहाण्या माणसांचं काय काम?”

शहाणा फळा म्हणजे स्मार्ट बोर्ड. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला दिला होता. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी सवयीने खिशातला खडू काढून त्याच्यावर ‘समजा, क्ष बरोबर’ असं लिहिलं. मग डस्टरने पुसलं. त्या दिवसापासून त्याला फुलाफुलांचा पडदा शिवून घातला, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये गेली.

त्या वेळचे मुख्याध्यापक परिपत्रकांवर श्रद्धा असलेले गृहस्थ होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना धडे ऐकवणारे, दाखवणारे गुरुजी. त्यांचं कौतुक साऱ्या महाराष्ट्राला झालं, आमच्या ताईलाही झालं. पण मुख्याध्यापकांनी ती बातमी नोटीस बोर्डावर लावून खाली लाल शाईने लिहिलं, ‘सर्वांनी याप्रमाणे करावे.’ जणू पुरस्काराच्या निम्मी रक्कम इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकणाऱ्या त्या माणसाने शाळेला कामच लावून दिलं होतं! पाठोपाठ दुसरं परिपत्रक आलं : प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून दोनदा शहाणा फळा वापरावा व वापरत असल्याचा फोटो ग्रुपवर टाकावा.

फोटो पडू लागले. पडदा बाजूला, शिक्षक उभे, बोट फळ्याकडे. फळा मात्र बंद. सत्यनारायणाच्या पूजेला जोडीने बसल्याचा फोटो असतो तसा.

ताईने एकदा खरोखरच चालू करून पाहिला. कवितेची चाल ऐकवायची होती. तिने बोट लावलं आणि कवितेच्या आधी अंतर्वस्त्रांची जाहिरात सुरू झाली. बंद कशी करायची ते कळेना. वर्ग पोट धरधरून हसला. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा आला, अंगठ्याने कोपऱ्यात काहीतरी दाबलं, जाहिरात गेली. “बाई, सोप्पंय,” तो म्हणाला.

त्या ‘सोप्पंय’ने घात केला. करोनात २०२० साली ताईने पूर्ण तास आवाज बंद ठेवून ऑनलाइन समास शिकवला होता, तेव्हाही ती इतकी खचली नव्हती. निदान तेव्हा हसणं ऐकू आलं नव्हतं. तिने पडदा ओढला आणि रविवारी माझ्याकडे आली.

हिशेब दहा मिनिटांचा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचे हेड कॅशिअर उभे राहिले. २००७ साली आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं. शंभराच्या पुडक्यात एक नोट कमी असली तर नुसत्या वजनावरून सांगणारा हा माणूस. त्यांना प्रशिक्षण म्हणून मिळालं एक जाडजूड पुस्तक आणि ‘वाचून घ्या’ एवढा सल्ला. मग काउंटरवर रांग लागलेली, आणि हे एका बोटाने ‘एंटर’ शोधताहेत. रांगेतलं कोणी म्हणालं, “आजोबा, घरी जा आता.” महिन्याभरात ते रजेवर गेले. परत आले ते निरोप समारंभाला. आम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं. ‘एंटर’ कुठे आहे हे दाखवायला मात्र आमच्यातलं कोणीच त्यांच्या शेजारी बसलं नव्हतं. मीही नाही. मी तेव्हा तरुण होतो आणि मला ते सोप्पं वाटत होतं.

म्हणून ताईला मी सांगितलं, “उद्या ये.”

बँकेत हे वाक्य मी हजारदा उच्चारलं असेल, पण सत्कारणी लागलं ते त्या दिवशी. पुढे फेब्रुवारीत ‘सर्व्हिस बुकाची झेरॉक्स लागेल’, मार्चमध्ये ‘मार्च एंडिंग आहे’, एप्रिलमध्ये ‘ऑडिट आहे’ आणि मे महिन्यात सरळ ‘आंबे खा’ असं म्हणत मी तिला जूनपर्यंत आणलं.

जूनमध्ये शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. विज्ञानाच्या, ताईहून चार वर्षांनी लहान. आता परिपत्रक येणार म्हणून सगळे दबा धरून बसले. परिपत्रक आलंच नाही. पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी सगळ्या शिक्षकांना त्या खोलीत बोलावलं, नववीतल्या एका मुलीला फळ्याजवळ उभं केलं आणि स्वतः वही घेऊन पहिल्या बाकावर बसल्या. मुलीने दाखवलं. मग बाई उठल्या, कुठेतरी बोट लावलं आणि आख्खा फळा काळाठिक्कर पडला.

“बाई, तुम्ही बंदच केलात!” मुलगी फिसकन् हसली.

बाईही हसल्या. म्हणाल्या, “परत दाखव गं. हळू. मला एकदा सांगून कळत नाही.”

ताई सांगते, त्या वाक्यासरशी खोलीतल्या बावीसच्या बावीस शिक्षकांनी एकदम श्वास सोडला. ‘एकदा सांगून कळत नाही का?’ हे वाक्य आजवर ते फक्त मुलांना म्हणत आले होते.

नंतर बाईंनी फार काही केलं नाही. फोटो बंद केले. किल्ली ड्रॉवरमधून काढून शिक्षक-खोलीत खिळ्याला टांगली. प्रत्येकाला आठवड्यातला एक ऑफ तास खरोखरच ऑफ दिला. शिक्षकाच्या घरात वाढलेल्यांना यातली क्रांती कळेल! कोणी रजेवर असलं की ऑफ तासाचा पहिला बळी जातो. शिवाय सरल, यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद. शिक्षकाला तंत्रज्ञान माहीत असतं ते एवढंच, माहिती भरण्याचं. बाईंनी सांगितलं, “या तासाला दार लावून घ्या आणि फळ्याशी काय वाटेल ते खेळा. बिघडला तर माझ्या नावावर.” आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : “तुमचा कोणता धडा वर्षानुवर्षं अडतो? तेवढ्या एकासाठीच वापरा.”

ताईचा अडायच्या जात्यावरच्या ओव्या. मुलांनी जातं पाहिलेलं नाही, दळण त्यांना पिशवीतून गिरणीत जाणारंच ठाऊक. ती बंद दाराआड आठ तास खेळली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. हे तिने स्वतः शोधून काढलं.

वर्गात ओव्या लागल्या. पोरं गप्प. मग ताईनेच ‘सोप्पंय’वाल्या पोराला बोलावलं आणि म्हणाली, “जातं कसं असतं ते शोधून दाखव बघू.” त्याने झरझर अंगठे चालवले. अनुस्वार राहिला. फळाभर जातीचा दाखला कसा काढायचा याची साद्यंत माहिती पसरली, कागदपत्रांच्या यादीसकट.

वर्ग पुन्हा पोट धरून हसला. पोरगा गोरामोरा झाला. ताई शांतपणे उठली, तिने फळ्यावर बोटाने एक टिंब दिलं, आणि जातं आलं. खुंट्यासकट. मग तिने तो तास अनुस्वारावरच घेतला. एवढं शहाणं यंत्र, पण एका टिंबासाठी त्याला बाई लागली, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. तास संपल्यावर ती त्या पोराला म्हणाली, “चुकतं रे कधीकधी. माझंही चुकलं होतं.”

हे सगळं मला ऑगस्टमध्ये कळलं. मी अपराधी मनाने अखेर पेन्शनचा हिशेब पक्का करून, पैशापर्यंत जुळवून, शनिवारी दुपारी तिच्या शाळेत गेलो. खोलीचं दार बंद होतं. आतून ओव्या ऐकू येत होत्या. मी टकटक केलं, दार बोटभर उघडलं.

“ताई, तो हिशेब...”

“आत्ता नको रे,” ताई म्हणाली, “उद्या ये.”