योजनेचा कागद

धर्मकार्याची योजना आखावयाची म्हटले की पुष्कळ भाविकांच्या कपाळास आठी पडते. जे कार्य ईश्वराचे, त्याची आकडेमोड माणसाने कशाला करावी, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ते कधीच पटले नाही. ज्या विल्यम केरीने मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापून काढला, तो मूळचा चर्मकाराचा धंदा करणारा बाप्तिस्ट गृहस्थ. त्याच्या साऱ्या उद्योगाची बैठक १७९२ सालच्या एका लहानशा पुस्तकात सापडते, आणि त्या पुस्तकाचा बराच भाग म्हणजे देशोदेशींची लांबी, रुंदी, लोकसंख्या व धर्म यांचे रुक्ष तक्ते होत!

पुढे केरी व त्याचे सहकारी श्रीरामपुरास स्थिरावले. (वाचकांनी नगरकडील श्रीरामपूर मनात आणू नये, हे बंगालातील, हुगळीच्या काठचे.) तेथे १८०५ च्या ऑक्टोबरात या मंडळींनी आपल्या कार्याचा एक करारनामा लिहिला. लोकांची भाषा व मन जाणून घ्यावे, एतद्देशीय बंधूंच्या अंगचे गुण वाढवून त्यांच्या मंडळ्या त्यांच्याच हाती द्याव्यात, स्वतःसाठी कोणी द्रव्य साठवू नये, अशी त्यातील कलमे. परंतु आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते शेवटचे ठरलेले: हा कागद जानेवारी, मे व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारी प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचावयाचा. अर्थात एवढी दक्षता घेऊनही १८२७ साली याच मंडळींचे विलायतेतील संस्थेशी बिनसले व दहा वर्षे दोघांच्या चुली वेगळ्या राहिल्या. मालमत्ता कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न संतांनाही सुटत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण कामठी. कन्हानच्या काठचे हे गाव १८२१ साली छावणी म्हणून वसले. १८४५ साली या प्रांती आलेल्या स्टीफन हिस्लॉपच्या कार्यात कामठीचेही ठाणे होते. तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा; बाप्तिस्ट नव्हे. त्याने सारा भर शिक्षणावर दिला व १८४६ साली नागपुरास शाळा काढली. १८६३ च्या सप्टेंबरात बोरीनजीक ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे नाव पुढे नागपूरच्या महाविद्यालयास मिळाले; ते त्याच्या कोणत्या तक्त्यात असणार?

याच कामठीत एका लहान बाप्तिस्ट मंडळीच्या सभेस बसण्याचा योग आम्हांस आला. या पंथात वरून हुकूम सोडणारा बिशप नाही. मंडळीचा कारभार सभासदांच्या मताने चालतो. कोणा मोठ्या शहरातील नमुन्यावरून उतरलेली पंचवार्षिक योजना वाचली जात होती. तीत नवे सभागृह होते, ध्वनिक्षेपक होते, उपस्थितीचे उद्दिष्टही होते. वाचन संपताच मागील बाकावरील एक वृद्ध बाई उठल्या. “पाळकसाहेब, पावसाळ्यात मला इथवर येववत नाही. माझ्या घरी कोण येणार, ते या कागदात लिहिलंय का?”

सभा काही वेळ गप्प झाली. मग जो वाद माजला तो दोन तास चालला. सभागृहाच्या बाजूने बोलणारे काही ऐषआरामी नव्हते; उन्हाळ्यात पत्र्याखाली मुले बसत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु पैसा एकच होता. छप्पर करावे, की आपल्यातील एखाद्या मुलास शिकवून घरोघर जाणारा सेवक तयार करावा? तो शिकून पुण्याकडे निघून गेला तर? हा प्रश्न एका बापाने विचारला. त्याचा स्वतःचा मुलगा तसाच गेला होता. त्यास उत्तर कोणापाशीच नव्हते.

अखेर हात वर झाले. सेवकाचा पक्ष चार मतांनी वर आला. छप्पर पुढे ढकलले गेले. आम्ही भीतभीतच श्रीरामपूरच्या करारनाम्याची गोष्ट काढली. वर्षातून तीनदा वाचन सर्वांस पसंत पडले. मात्र मे महिन्यातील वाचन सकाळी सहालाच उरकावे, अशी दुरुस्ती त्याच बाईंनी सुचविली व ती एकमताने मंजूर झाली.