बाई कोणत्या भाषेत बोलली?

रात्री अकराला आईचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी तक्रार वेगळीच होती. "तुझं ते डबडं पुन्हा वाजायलंय. चोर येईल तवा येईल, हेच झोपू देईना मला."

डबडं म्हणजे घराच्या राखणीला मी बसवलेलं अलार्मचं पॅनेल. आमचं गाव कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या कमलनगर तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून दोन-अडीच किलोमीटरवर. वडील गेल्यापासून आई तिथल्या जुन्या घरात एकटी राहते. मी कलबुर्गीत, पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. ढाळजेच्या आणि परसाच्या दाराला चुंबकाचे सेन्सर, आत हालचाल टिपणारा एक डोळा, माळवदावर भोंगा आणि पॅनेलच्या पोटात एक सिमकार्ड. दार उघडलं की भोंगा वाजतो. मला, ताईला आणि शेजारच्या काकांना फोन जातो. शिवाय रोज रात्री नऊला 'सगळं ठीक' असा एक मेसेज येतो. तो आल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

आषाढात तो चुकायला लागला. रोज नाही. चार दिवस सुरळीत, पाचव्या रात्री नऊ वाजून गेले तरी काही नाही. तिकडे पॅनेलवर पिवळा दिवा आणि पीं-पीं: कम्युनिकेशन फॉल्ट. सकाळी उठून बघावं तर सगळं जागच्या जागी. आईनं त्याच्यावर वाकळ टाकून बघितली, वर पाटा ठेवायचंच काय ते बाकी होतं.

कायमचं बंद पडलेलं यंत्र गरीब असतं, मुकाट्यानं सापडतं. अधूनमधून बिघडणारं मात्र महालबाड. तुम्ही काहीही करा, पुढचे दोन-तीन दिवस ते नीट चालणारच असतं आणि त्याचं श्रेय तुम्ही घेऊन टाकता. मीही घेतलं. कलबुर्गीहून रेल्वेनं बीदर, तिथून बसनं गाव, पिशवीत नवी बॅटरी. पॅनेलमधली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी तीन वर्षांची झालेली. टॉवरशी बोलताना सिमचं मोड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, म्हाताऱ्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात बसतो आणि मोड्यूल नव्यानं चालू होतं. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. बॅटरी बदलली, तीन रात्री मेसेज आले, मी खूष. चौथ्या रात्री वाकळीखालून पीं-पीं.

मग संशय भिंतींवर. अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आत सिग्नल कुठून येणार? पॅनेल सिग्नलची ताकद 0 ते 31 अशी दाखवतं. ढाळजेत 9 होती. दुसऱ्या खेपेला केबल ओढून अँटेना भोंग्याशेजारी लावली. आकडा 21. उतरताना शिडीवरूनच काकांना मोठ्या आवाजात सांगितलं, आता बघा म्हणून. त्या आठवड्यात फॉल्ट तीनदा आला. सिग्नलचा आकडा दुपटीवर गेला आणि बिघाडही वाढला! खरं तर इथंच मला कळायला हवं होतं. पण कळलं नाही. मी वायरचे सांधे तपासले, चटके देत नवे सोल्डर मारले, इन्व्हर्टरला दोष दिला, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरलाही दिला.

शेवटी आईलाच कामाला लावलं. कालनिर्णयवर ती दुधाचा हिशोब मांडते. त्याच चौकटीत, डबडं वाजलं की वेळ घालून फुली मारायची, एवढंच. महिन्यानं गेलो तर तिनं माझ्यापेक्षा हुशारी केलेली. फुल्या होत्याच, पण लाइट गेली की 'क' असंही लिहिलेलं, क म्हणजे करंट. जिथं फुली तिथं तिच्याआधी दीड-दोन तासांवर 'क'. लाइट लवकर परतलेल्या दिवशी नुसता 'क', फुली नाही.

मी पुन्हा बॅटरीकडे वळणार, तेवढ्यात ज्वारीची भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आन् त्या बाईचं काय?"

"कोणती बाई?"

"तुझा नंबर लागंना झाला की फोनात सांगती ती. एरवी कानडीत सांगती. ह्या फुलीच्या रात्री मराठीत सांगायली. मला वाटलं तू पुण्याला-बिण्याला गेलास की काय."

तिच्या फोनात महाराष्ट्रात आपलं स्वागत असल्याचे मेसेजही होते. चुलीसमोर बसल्या बसल्या तिचं पंधरा दिवसांत पाचदा स्वागत झालं होतं.

मोबाइलच्या नकाशात कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं. प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक असतो. सुरुवातीचे 404 किंवा 405 हे आकडे भारताचे, पुढचे कंपनीचे नि सर्कलचे. कंपनी तीच असली तरी सर्कल बदललं की क्रमांक बदलतो आणि सिम रोमिंगवर जातं. आमच्या गावाजवळच्या टॉवरची बॅटरी लाइट गेल्यावर दीड-दोन तास टिकायची. मग तो झोपायचा आणि आमची सिमं हद्दीपलीकडच्या टॉवरला जाऊन चिकटायची. टूजीचा टॉवर साधारण 35 किलोमीटरपर्यंत बोलू शकतो, त्यापुढे हद्दीपलीकडचं उदगीर म्हणजे काहीच नाही. माळवदावर अँटेना चढवून मी तिला पलीकडची वाट अधिकच मोकळी करून दिली होती.

त्या रात्री मुक्काम केला आणि लॅपटॉप मोड्यूलला जोडून बसलो. नेटवर्कची विचारपूस करायची एक आज्ञा असते, तिचं उत्तर आकड्यात येतं. 1 म्हणजे आपल्या नेटवर्कवर, 2 म्हणजे शोधतोय, 5 म्हणजे रोमिंगवर. सव्वासातला लाइट गेली. 1, 1, 1. नऊला पाच मिनिटं कमी असताना 2 आला, मोड्यूलवरचा बारीक दिवा भराभर उघडझाप करायला लागला. मग तो शांत झाला, तीन सेकंदांनी एकदा लुकलुकू लागला. नेटवर्क सापडल्याची खूण. पडद्यावर 5. आणि नेमकं त्याच वेळी पॅनेल पीं-पीं करत पिवळं झालं.

पॅनेलचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं फक्त 1 हाच आकडा ओळखीचा धरला होता. 5 आला की नेटवर्क नाही, असा त्याचा हिशोब. रेंज भरपूर, फोन लागू शकत होता, पण पॅनेल प्रयत्नच करीना. एरवी कुठं लक्षात आलं असतं? बेंगळुरूत बसवलेलं पॅनेल जन्मात 5 बघत नाही. आमच्याकडे मात्र 5 ही रोजची गोष्ट. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, हद्द मधे आली ती नंतर. ताई उदगीरला दिलीय, बाजार उदगीरचा, दवाखाना उदगीरचा.

प्रोग्रॅम बदलून मागितला तर उत्तर आलं, 'पुढच्या मॉडेलमध्ये बघू.' सिमला कर्नाटकाचंच नेटवर्क धरायला लावावं तर टॉवर झोपल्यावर काहीच उरत नाही. उदगीरचं सिम घालावं तर तिकडचा टॉवर झोपला की आपल्याच गावात ते परकं ठरणार, तोच 5. दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी दोन सिमं घेणारं मोड्यूल बसवलं. पहिलं सिम आमचं. त्याला आपलं नेटवर्क मिळालं नाही की दुसरं जागं होतं. ते उदगीरला ताईच्या नावावर घेतलेलं. पलीकडच्या टॉवरवर ते घरचंच, त्याला 1 मिळतो. प्रोग्रॅमची खोड आहे तशीच आहे.

आता वाकळ परत अंथरुणात गेलीय. रात्री नऊला मेसेज येतोच. तो उदगीरच्या नंबरवरून आला, की कलबुर्गीत ताटावर बसल्या बसल्या मला कळतं, गावात लाइट गेलीय आणि आई कंदिलाच्या उजेडात कालनिर्णयवर 'क' लिहीत असणार. फुल्यांची गरज संपली असं मी तिला सांगितलंय. 'क' मात्र ती सोडत नाही.