द्राक्षांच्या देशात दोन महिने

जॉर्जिया हा देश नकाशावर शोधायचा तर काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात पाहा. उत्तरेला रशिया, दक्षिणेला तुर्कस्तान आणि आर्मेनिया. साऱ्या देशाची वस्ती चाळीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याहून कमी. तरीही हे नाव आता आपल्या खेड्यांतून ऐकू येते, कारण आपली पुष्कळ मुले-मुली तिथे डॉक्टरकी शिकायला जातात. माझी धाकटी मुलगी तिथेच शिकते. माझी नोकरी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून फिरण्यात गेली. आणि द्राक्षापासून वाइन केल्याचा अतिशय जुना, सुमारे 8000 वर्षांपूर्वीचा पुरावा याच देशातल्या मातीच्या भांड्यांत सापडल्याचे 2017 साली जाहीर झाले. मुलीची भेट आणि हे पाहणे, दोन्ही साधेल म्हणून रजा काढली आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तिथे राहिलो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी दारू घेत नाही. माझे थोरले बंधू दारूने गेले. त्यांच्या आधी दोन एकर बाग गेली, वहिनींच्या अंगावरचे सोने गेले. त्यामुळे "बाबा, इथे घरोघर वाइन करतात," असे मुलगी फोनवर म्हणाली तेव्हा तिच्या आईच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. ज्या घराने हे भोगले आहे, त्याला कारण सांगायला नको.

राजधानीचे नाव आपण तिबिलिसी लिहितो. तिथले लोक 'थबिलिसी' म्हणतात, थ अगदी आपल्या थंडीतला. त्यांच्या भाषेत 'थबिली' म्हणजे ऊबदार. गावात गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या वज्रेश्वरीसारखे, त्यावरून हे नाव पडले. जुन्या वस्तीत, सोलोलाकी भागात, एका आजींच्या घरी मी खोली घेतली. घर म्हणजे आपला वाडाच म्हणा ना! मधे अंगण, भोवती लाकडी सज्जे, वर चढवलेला द्राक्षवेल आणि सहा-सात बिऱ्हाडे. कोण आले, कोण गेले, कोणाकडे काय शिजले, सारे अंगणाला ठाऊक.

आजींना इंग्रजी येत नव्हते. मुलीचे कॉलेज इंग्रजीत चालते, पण रुग्ण तर जॉर्जियनच बोलणार, म्हणून ती भाषा शिकत होती. मीही तिच्या शेजारी वही घेऊन बसलो. आजींनी नातवाचे 'देदा एना' हे बालबोध पुस्तक काढले. 1876 सालापासून तिथली मुले या नावाच्या पुस्तकातून अक्षरे गिरवीत आली आहेत. अक्षरे 33, सगळी गोल गोल, जणू वेलीचे तणावे. 'देदा' म्हणजे आई. बाप मात्र 'मामा'! भाकरीला, म्हणजे त्यांच्या भट्टीतल्या लांबट रोटीला, म्हणतात 'पुरी'. आणि 'चाचा' म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू. पहिल्या आठवड्यात आम्ही बाप-लेक किती हसलो असू!

पण मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे. आपला 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, 'जेवण'चा ज वेगळा आणि 'जवळ'चा वेगळा. लिहिताना आपण फरक करीत नाही, पण जीभ चुकत नाही. जॉर्जियनमध्ये हे चारही उच्चार आहेत आणि प्रत्येकाला निराळे अक्षर आहे. घशातून खटकन तोडून काढायचे काही उच्चार मात्र मला शेवटपर्यंत जमले नाहीत. पाण्यात डरावणाऱ्या बेडकावर त्यांचे एक जीभ वळवणारे वाक्य आहे. ते माझ्याकडून म्हणवून घ्यायला अंगणातली पोरे रोज संध्याकाळी जमत.

आकडे शिकताना तर मला माझी आजीच आठवली. ती पन्नास म्हणत नसे, 'दोन इसा न् धा' म्हणे. जॉर्जियन लोक आजही तसेच मोजतात. वीस म्हणजे ओत्सी, चाळीस म्हणजे 'दोन विसा', पन्नास म्हणजे 'दोन विसा आणि दहा'. भाजीच्या बाजारात हिशेब मला मुलीच्या आधी येऊ लागला.

आता पिण्याविषयी. भेटल्यावर 'गामारजोबा' म्हणायचे आणि पेला उचलताना 'गाउमारजोस'. दोन्ही शब्दांच्या मुळाशी अर्थ एकच, विजय. शहराच्या माथ्यावर टेकडीवर एका स्त्रीचा उंच धातूचा पुतळा आहे, प्रथम उभारला 1958 साली. तिच्या एका हाती तलवार, दुसऱ्या हाती वाइनचे पात्र. तलवार वैऱ्यासाठी, पात्र पाहुण्यासाठी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजींच्या दिरांकडे, काखेती प्रांतातल्या तेलावीजवळच्या खेड्यात गेलो. द्राक्षतोडीचे दिवस होते. तोडणीला ते 'रथवेली' म्हणतात, आणि त्या दिवसांत शहरातली मुले-सुना सुट्टी काढून गावी येतात. पांढऱ्या जातीचे नाव र्कात्सितेली, तिचे फुटवे तांबूस. काळीचे नाव सापेरावी, म्हणजे रंगाची. तिचा गरसुद्धा लाल असतो. आपल्या थॉम्पसनसारखे टपोरे बिनबियांचे मणी तिथे दिसणार नाहीत. मणी लहान, बी मोठे. तुडवलेला रस, साल, बी आणि देठ सगळे मिळून जमिनीत पुरलेल्या अंड्याच्या आकाराच्या मातीच्या रांजणात ओततात. त्याला क्वेव्री म्हणतात. आपल्याकडे धान्याचे पेव असे, तसा हा वाइनचा पेव. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. तोंड बंद करतात ते वसंतात उघडतात. हीच रीत 2013 साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. चोथा फेकत नाहीत, त्याची चाचा होते. छाटणीच्या काड्याही फेकत नाहीत, त्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजतात. रसात पीठ घालून आटवतात आणि दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात बुडवून वाळवतात. ही चुर्चखेला, शेतावर नेण्याची शिदोरी.

घरधन्याने बांधावर बसून जुने दिवस सांगितले. 1985 साली मॉस्कोच्या सरकारने दारूविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा उभ्या बागा उपटल्या गेल्या. पुढे 2006 साली रशियाने जॉर्जियाच्या वाइनला दार बंद केले, ते 2013 पर्यंत. माल होता, गिऱ्हाईक नव्हते. कांद्याची निर्यात बंद झालेली पाहिलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

रात्री 'सुप्रा' झाली. सुप्रा म्हणजे खरे तर मेजावरचे कापड, पण त्याभोवतीच्या मेजवानीलाही तोच शब्द. तिचा एक प्रमुख असतो, त्याला तामादा म्हणतात. तो उठून काहीतरी बोलल्याशिवाय कोणी पेल्याला ओठ लावायचा नाही. शांततेसाठी, देशासाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, असे एकेक बोल होतात. मी 'अर व्स्वाम', म्हणजे पीत नाही, म्हणालो. मेजावर क्षणभर गप्प. मग तामादा, सत्तरीचा पांढऱ्या मिशांचा माणूस, त्याने माझ्या पेल्यात त्याच दिवशी तुडवलेला गोड रस ओतायला सांगितले आणि म्हणाला, "घोट माफ. शब्द माफ नाही."

मी गोव्याच्या शेजारचा, हे मुलीने सांगताच तो पुन्हा उठला. काखेतीची राणी केतेवान 1624 साली शिराझला धर्म सोडीना म्हणून मारली गेली. तिच्या अस्थी जुन्या गोव्यातल्या एका मठात आणल्या होत्या. तिथे सापडलेल्या अस्थींची ओळख हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली पटवली, आणि 2021 साली भारताने त्यातला अंश जॉर्जियाला दिला. त्या बोलाला सगळे उभे राहिले, बायकांचे डोळे पाणावले.

मग गेलेल्यांचा बोल आला. भाकरीवर थेंबभर वाइन सोडतात. तामादा 'अलावेर्दी' म्हणाला आणि माझ्याकडे हात केला, म्हणजे पुढचे मी बोलायचे. 'चेमी ज्मा' इतके मला येत होते, माझा भाऊ. पुढे वाक्ये तोडकी झाली, काही मुलीने पुरी केली. तो चांगला छाटणी करी, दारूने गेला, बाग गेली, असे सांगितले. दारूच्या मेजावर हे बोलणे कोणाला रुचेल की नाही, ठाऊक नव्हते. कोणी नजर वळवली नाही. तामादाने आपल्या पेल्यातली वाइन भाकरीवर सोडली आणि तो पेला रिकामाच ठेवून बसला. घरधनीण मुलीच्या कानात बोलली की तिचाही धाकटा भाऊ चाचापायी गेला.

तेव्हा तिथे सारे छान आहे असे मी म्हणणार नाही. पेला तळापर्यंत रिकामा करण्याचा हट्ट चालतो, तरुण पुरुषांवर तर फारच. बोलांची संख्या वाढली की जिभा जड होतात. पण एकट्याने, भिंतीआड, न बोलता पिणे, जे आपल्याकडे मी जन्मभर पाहिले, ते त्या मेजावर होऊच शकत नाही.

तुमचे मूल तिकडे जाणार असेल, तर निघण्याआधी त्याच्याकडून ती 33 अक्षरे गिरवून घ्या. पंधरा दिवस पुरतात. बसवरच्या पाट्या वाचता येतात, दुकानदार आपलेपणाने बोलतो. मेजावर बोलावले तर जाऊ द्या. पेल्यात रस घ्यावा, 'अर व्स्वाम' म्हणावे, पण आपली पाळी आली की उभे राहून चार वाक्ये नीट बोलावीत. माझी मुलगी आता तसेच करते. तिच्या आईने मागच्या महिन्यात चुर्चखेलाची आख्खी माळ डब्यात भरून ठेवली आहे, पाहुणा आला की दोन-दोन चकत्या कापून देते.