आयत्या ताटावर तीन दिवस

"बायका बायकाच जाणार? आणि आमच्या जेवणाचं काय?"

१९८४ च्या मे महिन्यात आमच्या घरात हा प्रश्न निदान दहा वेळा विचारला गेला. विचारणारे अर्थातच आमचे 'हे'. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण माहेर सोडलं तर त्यांच्याशिवाय मी कुठं एक रात्रसुद्धा राहिले नव्हते.

आम्ही पाचजणी डोंबिवलीच्या. रोज सकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात एकत्र चढणाऱ्या. गवार निवडणं, स्वेटर विणणं, सासरची गाऱ्हाणी, सगळं त्या डब्यात व्हायचं. गाडीतच आमची भिशीही होती. एका संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, "दर वेळी भिशीच्या पैशांतून कुकर नाही तर स्टीलचे डबेच घेतो. एकदा आपण आपल्यासाठी कुठं जाऊ या की!" जवळचं, थंड आणि खिशाला परवडणारं म्हणून माथेरान ठरलं. तीन दिवस आणि दोन रात्री.

गंमत बघा. १८५० साली माथेरानचा डोंगर चढून ते गोऱ्या साहेबांच्या नकाशावर आणणारा ह्यू मॅलेट हा आपल्या ठाण्याचाच कलेक्टर. त्याच ठाणे जिल्ह्यातल्या आम्हा पाचजणींना तिथं पोचायला आणखी १३४ वर्षं लागली!

घरून निघताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मुलांचं मी बघते, तू जा." दशम्या, लसणीची चटणी आणि बेसनाचे लाडू बांधून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. कर्जत गाडीनं नेरळ आणि तिथून ती छोटी गाडी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला हा रेल्वेमार्ग १९०७ साली सुरू झाला. रुळांतलं अंतर अवघं दोन फूट. वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ घेणारी ती गाडी वळणावळणानं चढत होती आणि आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या खिडकीसाठी भांडत होतो.

आमचा 'लॉज' म्हणजे एका कुटुंबाचं राहतं कौलारू घर. पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. लोखंडी खाटा, पातळ गाद्या, आंघोळीला बंबातलं माणशी एक बादली पाणी. जेवण घरचंच. रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्या घरमालकीणबाईंना आम्ही पहिल्या तासाभरातच 'मावशी' करून टाकलं.

दुपारी ताटं मांडली तशा आम्ही पाचहीजणी सवयीनं उठलो. कुणी पाण्याचा तांब्या उचलला, कुणी आमटीच्या पळीला हात घातला. मावशी म्हणाल्या, "बसा हो बायांनो, मी वाढते." तव्यावरची फुगलेली पोळी माझ्या ताटात पडली. अशी आयती गरम पोळी आपण शेवटची कधी खाल्ली, ते काही केल्या आठवेना. बहुतेक धाकट्याच्या बाळंतपणात, आईकडे. आमच्यातल्या थोरल्या ताई एरवी दीड पोळीवर हात धुणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी चौथी मागून घेतली!

मग आम्ही हिंडलो. लाडवांचा डबा पहिल्याच फेरीत माकडानं पळवला. मोटारींना गावात बंदी, त्यामुळं रस्त्यावर फक्त घोडे, हातरिक्षा आणि लाल माती. पातळांचे काठ संध्याकाळपर्यंत विटकरी झाले. सनसेट पॉइंटवर समोरच्या प्रबळगडाकडे सूर्य उतरताना पाहिला आणि चक्क दहा मिनिटं पाचहीजणी गप्प बसलो. आमच्या डब्यात हा विक्रमच ठरला असता.

रात्री ओट्यावर बसून मावशींना कौतुकानं सांगत होते. विचारलं, "तुम्हाला काय, रोजच पाहायला मिळत असेल?"

"छे हो," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा गेले होते. संध्याकाळी पाहुण्यांचा चहा असतो, मग स्वयंपाक. कधी जायचं?"

घरापासून चालत जाण्याइतका जवळ तो पॉइंट! आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दुपारच्या पोळीची चव जिभेवर होती, ती जराशी बदलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंट. खाली नेरळ आणि काडीसारखी लांबलेली आगगाडी. जिला लटकून आपला जन्म चाललाय ती एवढीशी! तिथंच ताईंनी बेत सांगितला, "आज संध्याकाळचा स्वयंपाक आपण करायचा. मावशींना पाठवायचं."

मावशी मुळीच ऐकेनात. "पाहुण्यांना चुलीशी बसवू? लोक काय म्हणतील?" त्यांचे यजमानही अवघडले. शेवटी आमच्यातल्या धाकटीनं त्यांचा हात धरून त्यांना फाटकाबाहेर नेलंच. दोघी त्यांच्याबरोबर गेल्या, आम्ही तिघींनी पिठलं, भात, पोळ्या केल्या. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी ते पिठलं दोनदा मागून घेतलं.

अंधारताना मावशी परतल्या. "काय, कसा वाटला?" मी विचारलं.

"गडामागंच जातो अजून," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत हसल्या. त्यांना पाटावर बसवून आम्ही वाढलं. जेवताना मात्र त्या दोनदा उठल्याच, एकदा मिठासाठी, एकदा नुसत्याच.

तिसऱ्या दिवशी घरी पोचले. ह्यांनी दारातच सांगितलं, "बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही!" खरं सांगते, बरं वाटायच्या ऐवजी मनाला थोडं लागलं. मग स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कणीक मळत होत्या. उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं, म्हणून डाव्या हातानं. तीन दिवस सहा माणसांचं दोन्ही वेळचं त्यांनीच केलं होतं, वर वेळी-अवेळी सगळ्यांचा चहा. अडलं नव्हतं ते असं!

माथेरानच्या मावशींसाठी माझा जीव कळवळला होता. घरातल्या बाईचं मनगट मात्र मी गृहीत धरून गेले होते.

त्याच दिवाळीनंतर मी चार दिवस रजा काढून सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे नाशिकला पाठवलं. आणि ह्यांना कुकर लावायला शिकवलं. पहिल्या दिवशी ते पाणी घालायला विसरले, चौथ्या दिवशी वरणभात झाकपाक झाला. पुढच्या मे महिन्यात आम्ही पाचजणी पुन्हा निघालो, तेव्हा जेवणाचा प्रश्न कुणी विचारला नाही.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. २००५ च्या पावसात ती छोटी गाडी बंद पडली आणि २००७ मध्ये पुन्हा धावली. मैत्रिणी मैत्रिणी सहलीला जाण्याचं आता कुणाला नवल नाही. जरूर जा. लाल मातीचे डाग लगेच भिजवू नका, वाळू द्या, ब्रशनं झटका आणि मगच धुवा. आणि बॅग भरताना एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघा, आपल्यामागं पोळपाटाशी कोण उभं राहणार आहे ते. त्या व्यक्तीच्या सहलीची तारीखही त्याच दिवशी ठरवून टाका.